लाइट गेली तर पाळी कोणाची

टिपाड आडवं केलं की कौसा त्यात कमरेपर्यंत शिरायची. बाहेर नुसते तिचे पाय आणि लुगड्याचा काठ दिसायचा. ते निळं प्लास्टिकचं टिपाड गडगडू नये म्हणून मी दोन्ही हातांनी धरून बसायचो. आतून ती राखेनं आणि लिंबाच्या पाल्यानं घासायची, आणि घासता घासता बोलायची. आवाज असा घुमायचा की देवळाच्या गाभाऱ्यातून कोणी शिव्या देतंय असं वाटावं.

‘हालवू नका. म्हाताऱ्याला धरायचं काम दिलं तर तेबी धड न्हाई.’

‘तूच हालतीयास. मी खांबासारखा बसलोय.’

‘खांब बोलत न्हाई. तुमी कावून बोलताव?’

हे आमचं दोघांचं शेवटचं काम. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येणार होतं. आमच्या गावात नळ येतो तो पाहुण्यासारखा, कधीतरी आणि घाईत. तो येण्याआधी टिपाडातलं सगळं पाणी झाडाला, म्हशीला घालून ते घासून ठेवायचं हा तिचा नेम. ‘नव्या पाण्याला जुनी घाण कशाला’ म्हणायची. मी म्हणायचो, नळ आला नाही तर काय पिशील. तर म्हणायची, ‘न आला तर तुमचं डोकं खाईन, त्यात लई पाणी हाय.’

ती टिपाडातून बाहेर आली तेव्हा कोपरापर्यंत राख होती आणि तोंड लाल झालं होतं. म्हणाली, अंग जड झालंय, जरा टेकते. छपरीत बाजेवर पडली. मी टिपाड उन्हात पालथं घातलं, चूल पेटवली, चहा केला. मला चहा बरा जमतो, तिलाच तो कधी आवडला नाही. कप घेऊन गेलो तर ती गेलेली होती.

डॉक्टर आला, त्यानं बघितलं, म्हणाला उन्हानं गेली. मी म्हणालो, डॉक्टर, सकाळची येळ हाय, अजून चहासुद्धा झाला न्हाई. तो म्हणाला, बाबा, आता सकाळचं ऊनबी ऊनच हाय.

सून म्हणते, आबा, आईचं काही लिहून ठेवा, लेकरांना कळेल. माझी शाळा चौथीपर्यंत. पण कौसाबद्दल दुसऱ्या कोणी लिहिलं तर तिला देवी करून टाकतील, आणि देवी ती नव्हती. देवीबरोबर मला इतकी वर्षं निभलं नसतं.

ती उमापूरच्या अंगाची. तिकडं कालव्याचं पाणी, गोदावरी जवळ. आमचं गाव नारायणगडाच्या बाजूचं, माळाचं आणि खडकाचं. लग्नाला आमचं वऱ्हाड तिकडं गेलं तेव्हा आमची माणसं जेवण सोडून पाटात पाय बुडवून बसली होती. तिच्या बापाला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की पोरगी कुठं देतोय. लग्नानंतर पहिल्या सकाळी आईनं तिला आंघोळीला एक तांब्या पाणी दिलं. ती तांब्याकडं बघत बसली. तिला वाटलं हे तोंड धुवायला आहे, आंघोळीचं मागून येईल. आमच्या घरात बायका पुष्कळ दिवस हसत होत्या.

मला वाटलं ही टिकायची नाही, माहेरी पळून जाईल. तर ही दोर ओढायला शिकली, दोन घागरी डोक्यावर आणि एक कमरेवर घ्यायला शिकली, आणि गावातल्या आडावर कोणाच्या सासूचं काय चाललंय ते सगळं घेऊन यायला लागली. एकदा मी विचारलं, माहेरची आठवण येत न्हाई का, तिकडं पाणी लई. म्हणाली, ‘लई हाय. कोणी बी कुठं बी भरतं आन् जातं. इथं पाण्यापायी थांबावं लागतं, म्हणून माणसं वळखीची झाली.’ मग म्हणाली, ‘पर दोन तांब्ये आंघोळीला असते तर बरं झालं असतं. वळख एका तांब्यात बी झाली असती.’

तिची एक सवय सगळ्या गावाला माहीत होती. पाहुणा कोणीही येवो, ती त्याला अर्धाच पेला पाणी द्यायची. उरलेलं उष्टं ओतून द्यावं लागतं याचा तिला भारी राग. ‘अर्धा प्या. लागला तर अजून अर्धा देते. भरल्या पेल्याचं कोणी अर्धं टाकलं की मला रात्रभर झोप न्हाई.’ आमचे व्याही पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना तो अपमान वाटला. सोयरीक मोडायला आली होती. तिनं त्यांना तीन वेळा अर्धा अर्धा पेला पाजला आणि म्हणाली, ‘बगा, दीड पेला पाजलाय. भरला एक पिऊन गेला असता तर कमीच पडला असता.’

एका निवडणुकीला एक पुढारी दारात आला. मागं गाड्या, माणसं, गळ्यात उपरणी. तिनं पुढाऱ्याला अर्धा पेला दिला. तो हसून म्हणाला, ‘आई, आम्हाला अर्ध्यावरच का?’ ती म्हणाली, ‘उरलेला अर्धा निवडून आल्यावर पाण्याची योजना घिऊन येताल तवा.’ सगळी माणसं हसली, तोही हसला, पाया पडला. निवडून आला, आणि पुन्हा कधी आमच्या गल्लीत दिसला नाही. कौसा म्हणायची, त्याचा अर्धा पेला आपल्याकडं जमा हाय, कोणाला पाजू नका.

अशी ती. तोंडानं फटकळ, हातानं चिकट. सुनेला भांडी घासताना मागं उभी राहून बघायची, त्यामुळं सून इथं चार दिवसांच्या वर टिकत नसे. मीच सुनेला म्हणायचो, जा बाई पुण्याला, तिथं निदान मागं कोणी उभं राहत नसंल.

मधे एकदा बीडहून कॉलेजातली एक मुलगी आली होती, मोबाइलवर प्रश्न विचारायला. चांगली होती पोरगी, उन्हात चालत आली होती. तिनं विचारलं, आजी, हवामान बदललंय असं वाटतं का? कौसा म्हणाली, ‘बदललंय की. पूर्वी आमचा म्हातारा इतका तापत नव्हता.’ पोरगी हसली आणि तिनं ते लिहून घेतलं का नाही कोण जाणे. मग मीच सांगितलं तिला काय ते. पाऊस पडत नाही असं नाही. पडतो, पण चिडल्यासारखा पडतो. एका दिवसात महिन्याचा पडतो, बांध फोडून माती घेऊन जातो, आणि मग ढग नुसते वरून बघत फिरतात. फाल्गुनात गारा पडतात. ज्वारी काळी पडते. ज्यानं त्यानं बोअर पाडले, एक दुसऱ्याहून खोल, त्यामुळं विहिरीचं पाणी खाली खाली गेलं. ती पोरगी म्हणाली, यामुळे गावात तंटे वाढलेत का? कौसा म्हणाली, ‘ते आमच्या विहिरीला इचार.’

आता विहिरीचं सांगतो, कारण कौसा कशी होती ते विहिरीशिवाय सांगता येणार नाही.

विहीर माझ्या बापानं खांदली. रान आम्हा दोन भावांत वाटलं तेव्हा विहीर काही मधून कापता येत नाही, म्हणून बापानं पाळी लावून दिली. एक दिवस माझी, एक दिवस धाकट्या भावाची. तेव्हा मोट होती. बैल सकाळी जुंपायचे, दुपारी सोडायचे, झाली पाळी. धाकटा भाऊ गेला, त्याच्या जागी त्याचा पोरगा दिगंबर आला. मोट जाऊन मोटर आली. मोटर एकच, दोघांच्यात. तिला दोन पाइप, एक माझ्या रानाकडं, एक त्याच्या रानाकडं, आणि दोन्हीला कॉक. ज्याची पाळी त्यानं आपला कॉक उघडायचा आणि बटण दाबायचं.

बापानं सगळं ठरवलं, एक ठरवायचं राहिलं. बैलाला लाइट जात नाही. मोटरला जाते. ज्याच्या पाळीला दिवसभर लाइटच आली नाही त्याची पाळी बुडली, का दुसऱ्या दिवशी सरकली? याचं उत्तर बापानं दिलं नाही, कारण त्याला हा प्रश्नच माहीत नव्हता. पाणी होतं तोपर्यंत आम्हालाही नव्हता. एखादी पाळी गेली तर गेली.

मग विहीर आटायला लागली आणि प्रश्न वर आला.

माझं म्हणणं, पाळी बुडती. लाइट ही पावसासारखी आहे, ज्याच्या दिवशी पडला त्याच्या दिवशी पडला. दिगंबरचं म्हणणं, पाळी पाण्याची आहे, दिवसाची नाही, पाणी मिळालं नाही तर पाळी झालीच नाही. त्यानं मोसंबीची झाडं लावली होती. माझ्या रानात म्हशीपुरतं कडवळ आणि घरापुरती भेंडी-वांगी.

एका उन्हाळ्यात लाइटीचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला. दिगंबरच्या पाळीला दिवसभर लाइट नव्हती. दुसऱ्या दिवशी माझी पाळी. मी सकाळी गेलो तर मोटर चालू आणि पाणी त्याच्या बागेत.

‘बंद कर बे.’

‘आबा, काल लाइट नव्हती. माझी पाळी आज सरकली.’

‘पाळी सरकत न्हाई. बुडती. माझी बुडली तवा मी तुझ्या दारात आलतो का?’

‘तुमची बुडली तवा कडवळ वाळलं. कडवळ पुन्ना पेरता येतं. माझी झाडं हायत आबा. हे झाड गेलं तर माझं पोरगं बापय होईस्तोर तसलं झाड होणार न्हाई.’

‘झाडं लावताना मला इचारलं होतं का?’

‘माझ्या रानात झाड लावायला तुमाला कावून इचारू?’

त्याच्या हातात कोयता होता, बागेतलं गवत कापायचा. माझ्यासाठी आणला नव्हता. बांधाला पहार रोवलेली होती, ती मी उपटली, तीही त्याच्यासाठी तिथं नव्हती. पण हातात काय आहे ते भांडण सुरू झाल्यावरच माणसाला दिसतं. आपल्या जिल्ह्याचं नाव बाहेर कशासाठी निघतं ते मी सांगायला नको. तसल्या गोष्टी वाचताना वाटतं ती माणसं वेगळी असतील. ती वेगळी नसतात. सकाळी विहिरीवर गेलेली असतात.

कौसा माझी भाकर घेऊन आली होती. ती मधे पडली नाही, रडली नाही, आरडाओरडा करून माणसं गोळा केली नाहीत. ती सरळ मोटरच्या पेटीकडं गेली, मोटर बंद केली, आतले फ्यूज उपसले, कमरेच्या पिशवीत घातले, आणि मोटेच्या काळी पाणी ज्यात पडायचं त्या दगडी थारोळ्यावर जाऊन बसली. भाकरीचं फडकं मांडीवर ठेवलं.

म्हणाली, ‘आता खुशाल भांडा. फकस्त एवढं सांगून ठिवा, जो मरंल त्याची पाळी बुडती का सरकती? मला म्हातारीला पुढं हिशेब ठिवावा लागंल.’

दिगंबरचा कोयता खाली आला. माझी पहार वरच होती. मला राग चढायला वेळ लागत नाही, उतरायला लागतो.

‘अन् तुमी,’ ती मला म्हणाली, ‘खाली ठिवा ते. पेलत न्हाई तुमाला. स्वतःच्याच पायावर पाडून घेताल.’

दिगंबर तोंड फिरवून हसला. मला त्याच्याहून तिचाच राग आला.

फ्यूज तिनं दिले नाहीत. ‘दोघं मिळून मागाया या. एकट्याला देणार न्हाई.’ मी तिचा नवरा, एकाच घरात राहतो, तरी दिले नाहीत. मी पिशवी शोधली, तर ती उशाखाली घेऊन झोपायची. विहिरीत पाणी आणि वर लाइट, दोन्ही होतं, आणि दोघांची रानं सुकत होती. कडवळाची पानं वळाली. त्याच्या मोसंबीनं पानं टाकायला सुरुवात केली. म्हैस ओरडून ओरडून घर डोक्यावर घ्यायला लागली. शेवटी दिगंबर आमच्या दारात येऊन उभा राहिला. मी आतून उठून त्याच्या शेजारी उभा राहिलो. कौसा म्हणाली, मागा. आम्ही मागितले. दोन बापे एका म्हातारीपुढं हात पसरून उभे. तिनं फ्यूज दिले आणि म्हणाली, ‘गेलेली पाळी दोघांनी अर्धी अर्धी सोसा.’ मला पटलं नाही. त्यालाही पटलं नाही. या एका गोष्टीवर चुलत्या-पुतण्याचं एकमत झालं.

त्या दिवसापासून मी त्याच्या घरी पाऊल टाकलं नाही की त्याच्या घरचं पाणी प्यालो नाही. कौसा जायची. त्याची पोरं हिच्याकडं जेवायची. दिगंबर तिला मोठी आई म्हणायचा आणि मला आबा म्हणायचा, पण आबा म्हणताना दुसरीकडं बघायचा.

तिची अजून एक खोड मला सोसत नसे. आमच्या पाळीला विहीर तळाला जायच्या आत ती मोटर बंद करायला लावायची. म्हणायची, ‘कळशी बुडंल इतकं ठिवा. माघारच्याला खरवडायला लावू नये.’ मी म्हणायचो, कौसे, तू येडी हायस, तो त्याच्या पाळीला गाळापर्यंत उपसतो, आपण कशाला ठिवायचं? ती म्हणायची, ‘त्यो गाळ उपसतो म्हणून तर गाळ निघतो. फुकट विहीर साफ होतीय, तुमाला काय त्रास?’ हे काही खरं उत्तर नव्हतं. पण तिच्याशी बोलताना खऱ्या उत्तराची वाट बघत बसलं तर भाकर गार व्हायची.

डीपी पुन्हा जळायचा. उन्हाळा वाढला की सगळे पंप एकदम चालतात, तार तापते, डीपी बसतो. दर वेळेला कोणाची ना कोणाची पाळी जायची आणि दर वेळेला तेच. त्याची पाळी गेली की कौसा म्हणायची, उद्या सकाळचं पाणी दिगूला सोडा.

‘कोणाच्या वाट्यातलं?’

‘माझ्या.’

‘तुझा कुठं वाटा हाय? विहीर माझ्या बापाची.’

‘बापानं खांदली. ओढलं कोणी? मोटर यायच्या आधी तुमच्या घरातल्या सगळ्या माणसाचं आन् जनावराचं पाणी आड आटला की मी हिच्यातूनच ओढलंय. तुमच्या अर्ध्यातलं अर्धं तरी माझं असंल का न्हाई? का फकस्त दोर माझा?’

तिचा वाटा म्हणून सकाळचं पाणी ती दिगंबरला सोडायची, दुपारपासून मी घ्यायचो. पाळी बुडते का सरकते ते तसंच राहिलं. मी बुडते म्हणत राहिलो, तो सरकते म्हणत राहिला, आणि मधल्या फटीत कौसा बसली होती म्हणून कोयता गवतालाच लागत राहिला.

शेजारच्या एका गावात बांधावरच्या पाइपावरून चुलत्यानं पुतण्याला तोडलं. लांबची सोयरीक होती, कौसा सांत्वनाला गेली. संध्याकाळी एसटीनं परत आली, पाय न धुता ओट्यावर बसली. मी विचारलं, कसं हाय तिथं. म्हणाली, ‘एक मातीत, एक जेलात. बाया माहेरी गेल्या. विहिरीला पाणी हाय, घेणारं कोणी न्हाई.’ त्या दिवशी तिनं स्वैपाक केला नाही. मी भाकरी थापली, तिला नावं ठेवायला सुद्धा सुचलं नाही, तेव्हा मला कळलं की ती घाबरली आहे.

तेव्हापासून तिचं एकच टुमणं. भाकरी उलटताना, म्हशीची धार काढताना, कधीही.

‘माझ्या हयातीत ठरवा ते पाळीचं.’

‘ठरलेलं हाय. बुडती.’

‘तुमी दोघांनी ठरवा म्हणते मी. मी काय जन्माला पुरणार न्हाई थारोळ्यावर बसायला. मी गेल्यावर तुमी एकमेकाला खासाल, आन् मला वरून बगावं लागंल. तिथं बी सुख लागू देऊ नका.’

‘तू कुठं वर जातीस. तुला खालीच घेतील.’

‘मग तर तुमी बी येतालच मागून. दिगूला कोण संभाळंल?’

असं हसण्यावारी जायचं. मी काही ठरवलं नाही. मला वाटायचं मी मोठा, वय झालेलं, आधी मीच जाणार, मग तिचं आणि दिगंबरचं काय व्हायचं ते होईल. त्या दोघांचं तर जमतच होतं.

ती गेली त्या दिवशी पाळी दिगंबरची होती. लाइट दिवसभर होती, अलीकडं असं कधी झालं नव्हतं. त्याचं घर आमच्यापासून हाकेवर. मी हाक मारली तेव्हा तो विहिरीवर मोटर चालू करायला निघाला होता. तसाच धावत आला, डॉक्टरला आणायला मोटरसायकल काढली. डॉक्टर बघून गेल्यावर तो अंगणात उभा राहिला, आणि बायामाणसांनी पाणी मागितलं तेव्हा कळलं की घरात पाणीच नाही. टिपाड आम्ही सकाळी रिकामं केलं होतं. कौसाला शेवटची आंघोळ घालायला पाणी दिगंबरच्या घरून आलं. त्यानं स्वतः वाहून आणलं, दोन हातांत दोन घागरी. एकीतलं थोडं उंबऱ्यात हिंदकळलं. मला वाटलं आता कौसा काहीतरी बोलणार.

पुण्याहून पोरगं, सून, लेकरं येईपर्यंत दिवस कलला. दिगंबरनं लाकडं रचली, एका बाजूनं खांदा दिला. घरी आल्यावर त्याच्या बायकोनं पिठलं-भाकरीचा कडू घास आणला. मी दोन घास खाल्ले. पाणी प्यालो का नाही आठवत नाही. प्यालो असणार, कारण घरात दुसरं पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला उठलो. अंगणात पाहुणे झोपले होते, त्यांच्यामधून वाट काढत रानात गेलो. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, आबा, सुतकात रानात कावून जाता, बसा. घरात बसून कोणाकडं बघायचं होतं.

लाइट होती. पाळी माझी होती. दिगंबरच्या बागेत आळी कोरडी पडली होती, काल पाणी नव्हतंच मिळालं. मोसंबी तशी लवकर सांगत नाही, पण पानांचा रंग उतरला होता. मी विहिरीवर आलो. माझ्या पाइपाचा कॉक बंद केला. त्याचा उघडला, जाम झाला होता, दगडानं ठोकून उघडला. बटण दाबलं. पाइप हलला आणि पाणी त्याच्या बागेकडं गेलं.

त्याचं घर रानातच आहे. मोटरचा आवाज ऐकून तो आला, डोळे सुजलेले, अंगात बनियन. आधी त्यानं कॉककडं बघितलं, मग आळ्यातल्या पाण्याकडं.

‘आबा, आज तुमची पाळी हाय.’

‘हाय.’

‘मग?’

‘कालची तुझी राहिली होती.’

‘सुतक हाय आबा. लोक काय म्हणतील?’

‘सुतक तुला आन् मला. झाडाला कोणाचं सुतक?’

पाणी पहिल्या आळ्यातून दुसऱ्यात गेलं तरी तो वळवायला हलला नाही. मग खाली बघत म्हणाला, ‘काल तर लाइट बी होती. माझ्याच्यानं चालू झाली न्हाई. तुमच्या हिशेबानं तर ती बुडलीच.’

‘माझ्या हिशेबाचं सोड.’

‘मग आजची तुमची?’

‘उद्या घेतो.’

‘आन् माझी उद्याची?’

‘परवा.’

त्यानं मान वर केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो माझ्या तोंडाकडं बघून बोलला.

‘म्हंजे सरकती?’

मला ते अजूनही पटलेलं नाही, हे इथं लिहून ठेवतो.

‘सरकती,’ म्हणालो, आणि घराकडं निघालो.